टाकेबाईंची खिडकी

आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना सगळे टाकेबाई म्हणत. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत त्या बावीस वर्षं फाटक्या चादरी रफू करत होत्या. माहेर कुठलं विचारलं की "लांब आहे हो" म्हणून विषय बदलायच्या. प्रत्यक्षात ते नदीपलीकडच्या वस्तीत होतं, पुलावरून चालत वीस मिनिटं. त्या वस्तीतल्यांना आमच्या बाजूला कुणी घर देत नसे, आणि इस्पितळात झाडूशिवाय दुसरं काम मिळत नसे.

एका दुपारी वस्तीतल्याच एक वकीलबाई इस्पितळाच्या फाटकाशी बोलायला उभ्या राहिल्या. सगळी कामं सगळ्यांना खुली व्हावीत म्हणून त्या दोनदा तुरुंगात जाऊन आल्या होत्या. टाकेबाई आपल्या टेबलाजवळच्या खिडकीतून ऐकत होत्या. वकीलबाई म्हणाल्या, "मी पुलापलीकडची. हे मी कुठेही गेले तरी आधी सांगून टाकते. मग घाबरायला काही उरतच नाही."

त्याच महिन्यात नोकरवर्गाची माहिती नव्याने भरून घेत होते. सोमवारी टाकेबाईंनी जन्मस्थळाच्या रकान्यात वस्तीचं नाव लिहिलं. शुक्रवारी त्यांचं टेबल खिडकीजवळून उचलून तळघरात ठेवलं. तिथे एकच मिणमिणता दिवा. बारीक टाका दिसेना. टाके चुकले की कामावरून काढायला कारण तयार.

त्यांनी तक्रार केली. कचेरी म्हणाली, टेबल तर माहिती भरून घेण्याच्या महिनाभर आधीच हलवलंय.

टाकेबाई माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या.

"काकू, तुम्ही रोज लिहिता ना? टेबल नेलं त्या दिवशी मी जिन्यात तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तारीख असेल?"

"असेल की. माझ्या वहीत भाजी किडकी निघाल्याचीसुद्धा तारीख असते."

पान सापडलं. वर तारीख होती. 'शुक्रवार. टाकेबाई पुलापलीकडच्या, त्यांनी स्वतःच सांगितलं. आज त्यांचं टेबल तळघरात नेलं.' आणि खाली माझ्याच अक्षरात: 'त्यांच्याकडे शिवायला दिलेला फाटका पडदा परत मागून आणला. घाई नाही, असं कारण सांगितलं.'

सून खांद्यावरून वाचत होती. मला आत ओढून कुजबुजली, "आई, दुसऱ्या वहीत उतरवून द्या. खालचं गाळा. कुणाला कळणारे?"

कुणालाच कळलं नसतं. पण मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिस्त लावली होती: पानांना आकडे घालायचे, पान फाडायचं नाही, चुकलं तर एकच रेघ मारायची आणि खालचं वाचता आलं पाहिजे. इतकी वर्षं ती शिस्त मला कधी जड गेली नव्हती. मी वही तशीच टाकेबाईंच्या हातात दिली.

त्यांनी खालची ओळही वाचली. "मी म्हटलं होतं, काकूंना तरी खरंच घाई नसेल," एवढंच बोलल्या आणि वही पदराखाली धरून गेल्या.

चौकशीत कारकुनाने पान मोठ्याने वाचलं, अगदी शेवटपर्यंत. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत मी 'पडदेवाल्या काकू' झाले. "घरातलं चव्हाट्यावर मांडलंत," असं म्हणून सून चार दिवस बोलली नाही. दुपारी गप्पांना येणाऱ्या दोघीही यायच्या बंद झाल्या.

टाकेबाईंचं टेबल परत खिडकीत आलं. बाकीच्यांनी आपापली टेबलं समोरच्या भिंतीला सरकवली. "बरंच झालं," त्या मला जिन्यात म्हणाल्या, "आता उजेड सगळा माझा." त्या हसल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत सात वर्षं तिथे एकट्याच बसल्या. नव्या माणसाला मात्र स्वतःहून सांगायच्या, "मी पुलापलीकडची."

नंतर त्या पुलापलीकडेच राहायला गेल्या. निघताना दारात आल्या, उंबऱ्याबाहेरच.

"येते, काकू."

पडद्याचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "सांभाळून जा," एवढंच म्हणाले.

परवा त्या वारल्याचं कळलं. पडदा अजून फाटकाच आहे. दुपारी त्यातून उन्हाची तिरीप सरळ वहीवर येते, आणि मी वही सरकवत नाही.