चार नंबरचा बॅक

चेंडू घरंगळत माझ्याकडे येत होता आणि साऱ्या मैदानातून एकच शब्द उठत होता — "उडव!" एप्रिलची दुपार, उन्हानं भाजलेली कोल्हापूरची तांबूस धूळ, फक्कीच्या पुसट होत चाललेल्या पांढऱ्या रेषा, दातांत कचकचणारी माती आणि जिभेवर चोखून बेचव झालेल्या लिंबाच्या फोडीचा कडवटपणा... मी बारा वर्षांचा होतो. माझ्यामागे आमचा गोल होता, समोरून त्यांचा फॉरवर्ड पळत येत होता, आणि भिंतींवर, झाडांवर, पत्र्यांवर बसलेली आमची अख्खी पेठ घसा फोडून सांगत होती, "उडव की रं!"

मी चेंडूवर पाय ठेवला.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. ज्या तालमीत पहाटे पैलवान घुमतात, तिचाच संघ दुपारी मैदानात उतरतो, आणि माणूस ज्या पेठेत जन्मतो तिच्या तालमीचा तो मरेपर्यंत असतो. आमच्या तालमीत शिरलं की आधी वास भेटायचा — आखाड्याच्या लाल मातीत मुरलेल्या हळदीचा, ताकाचा, तेलाचा. आणि त्यावर ओल्या कापडाचा एक आंबूस थर, कारण मारुतीच्या कोनाड्यापासून खिडकीच्या गजापर्यंत ताणलेल्या दोरीवर संघाच्या जर्सी वाळत घातलेल्या असत. त्यांतली एक माझी होती. येता-जाता मी तिला हात लावून बघायचो. वाळली का हे बघण्याचं नुसतं निमित्त.

मला बॅक केलं ते माझ्या अंगापिंडामुळे. "ह्ये नुसतं आडवं हुबं ऱ्हायलं तरी निम्मा गोल झाकतंय," वस्ताद म्हणाले आणि सगळे हसले, मीही हसलो. वस्ताद स्वतः जुने बॅक. गोलसमोर चेंडू आला की मान वर न करता लांब मारायचा, एवढीच त्यांची शिकवण. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेत. बॅकचं नाव हरल्यावरच निघे. मला ते खुपत असे, पण बोलायचं कुणापाशी?

तेवढ्यात तालमीच्या माडीवर रंगीत टीव्ही आला. केबलवर परदेशातले सामने दाखवत, आणि सोमवारी शाळा सुटल्यावर आदल्या दिवशीचा स्पेनमधला एखादा सामना पुन्हा लागे. खाली पैलवानांचे शड्डू घुमत, जोर मारताना हुंकार उठत, फळ्यांच्या फटींतून तेलाचा वास वर येई आणि मी टीव्हीपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसे. एका साध्याशा, नेहमी हरणाऱ्या संघात तो होता — चार नंबरचा बॅक. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, मोजे घोट्यापर्यंत घसरलेले. त्याचं नाव समालोचक असं काही गिळून उच्चारी की मला ते कधीच कळलं नाही. पण चेंडू गोलसमोर आला, सगळीकडे पळापळ झाली, की हा माणूस चेंडूवर तळपाय ठेवून थांबायचा... भर गर्दीच्या रस्त्यात कुणी चपलेचा अंगठा नीट करायला थांबावं, तसा. मान वर करायचा. अंगावर आलेला फॉरवर्ड स्वतःच्याच वेगानं बाजूने निघून जायचा, आणि मग हा चेंडू शेजारच्या गड्याकडे सरकवायचा, जणू ताटातली पोळी पुढं केली.

मी तेच केलं. आणि क्षणभर, अगदी क्षणभर, सगळं तसंच झालं — आवाज दूर गेले, मान वर झाली, उजवीकडे आमचा एक पोरगा मोकळा दिसला. मग त्यांच्या फॉरवर्डच्या बुटाचं टोक माझ्या तळव्याखाली घुसलं. एक-शून्य. तोच शेवटचा गोल ठरला.

तालमीत परतल्यावर वस्ताद मारुतीसमोर बसून पंच्याने मान पुसत होते.

"कुणी शिकिवलं रं तुला ह्ये?"

"टीव्हीत बघितलं... पाय आपोआप गेला, वस्ताद."

"आपोआप? पाय तुझा हाय का दुसऱ्या कुणाचा?"

दोरीखालची सगळी पोरं फिदीफिदी हसली. वस्ताद रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते पुसत राहिले. पुढच्या मोसमात माझी जर्सी दुसऱ्याच्या अंगावर होती आणि मी गणिताच्या शिकवणीला जाऊ लागलो. आकडे बरे असतात. त्यांच्यापुढे विचार करत थांबलं, तरी कुणी ओरडत नाही. पुढचं सगळं त्यांनीच घडवलं — पुण्यातली नोकरी, नंतर आयर्लंडमध्ये शॅननमधली, आणि एनिसमधलं हे घर, ज्याच्या मागच्या कुंपणापलीकडे मेंढ्या चरतात आणि पश्चिमेचा वारा वर्षातले बहुतेक दिवस दार ठोठावत असतो. इतक्या वर्षांत मी चेंडूला पाय लावला नाही. लावण्याची वेळच आली नाही, असं मी सांगतो.

माझी मुलगी इरा अकरा वर्षांची आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती इथल्या क्लेअर परगण्याच्या हेलात इंग्रजीत उत्तर देते. गावातल्या मुलींच्या संघात ती गेली आणि पहिल्याच महिन्यात बॅक झाली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी हातातला कप बशीवर ठेवला आणि कोच कोण, विचारलं. कोच स्पॅनिश आहे, नाव रामोन, म्हणाली.

रामोन पन्नाशी ओलांडलेला, उजव्या पायानं किंचित लंगडणारा माणूस. दिवसा शॅननमधल्या एका गोदामात कामाला, संध्याकाळी मैदानावर. त्याची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली: उत्तर स्पेनमधलं पावसाळी गाव, बाप मासेमारी बोटीवर, पोरानं बॅक म्हणून नाव काढलं, एक मोसम वरच्या लीगमध्ये, मग गुडघा, मग खालची लीग, त्याखालची, शेवटी गावातल्या पोरांना शिकवण्याचं काम, आणि तिथं सुट्टीला आलेल्या एका आयरिश नर्सच्या मागोमाग इकडे. वरच्या लीगमधल्या त्या एका मोसमाच्या संघाचं नाव त्यानं सहज उच्चारलं, आणि माझ्या नाकात एकदम हळदीचा आणि ताकाचा वास आला. तोच संघ होता. तीच जागा. वयाचा हिशोब मी, सगळ्या गोष्टींचा हिशोब करणारा माणूस, मुद्दामच केला नाही.

आणि तो मुलींना तेच शिकवत होता. तळपाय चेंडूवर. थांबा. मान वर. मग द्या. मुली थांबत, चेंडू गमावत, गोल खात. रेषेबाहेर कॉफीचे थर्मास धरून उभे असलेले आईबाप "क्लिअर इट! बूट इट!" असं ओरडत आणि मी त्यांच्यामागून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खिशात मुठी आवळून येरझारा घालत असे. संघ हरत राहिला. वसंतात शेवटची मॅच उरली तेव्हा क्लबच्या समितीतला डेक्लन, त्याचीही मुलगी संघातच, माझ्याबरोबर चार पावलं चालला.

"युअर मॅन इज अ जेंटलमन," तो रामोनबद्दल म्हणाला, "पण शनिवारी जिंकलो नाही तर खालच्या गटात जाऊ. मग पुढच्या मोसमात दुसरा कोच बघावा लागेल. मलाही बरं वाटत नाही, पण आईबाप ऐकणार नाहीत."

ही गोष्ट मुलींपर्यंत पोचलीच. शनिवारी गाडीत काचेवरच्या थेंबांवरून बोट फिरवत इरानं विचारलं.

"बाबा, इफ आय जस्ट बूट इट, वी माइट विन. देन ही स्टेज, राइट?"

"त्याला आवडेल का ते?"

"ही'ल बी सॅड. बट ही'ल बी हिअर."

"तुला पटेल तसं कर," मी म्हणालो.

मैदानाच्या कडेला एक लोखंडी कंटेनर आहे. त्यात जाळ्या, शंकू, एक किटली. मॅचआधी रामोन तिथं चहा करत होता, मी दारात उभा. वाऱ्यानं पत्रा थडथडत होता. तो आज जाणार की राहणार कुणास ठाऊक, म्हणून इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारून टाकलं. कोल्हापूर, माडी, सोमवारची दुपार... सगळं भराभर सांगितलं. "तो चार नंबर तुम्हीच ना?"

तो आधी हसला. मग किटली खाली ठेवली.

"चार? नाही हो. मी सोळा नंबर. सगळा मोसम बाकावर! चार नंबर म्हणजे 'म्हातारा'... आम्ही त्याला तसंच म्हणायचो. मोजे असे खाली?"

"असेच खाली."

"तोच. मला खेळायला देत नव्हते, मग काय करणार? बसून त्याचा पाय बघत राहायचो." त्यानं कप माझ्या हातात दिला. "म्हणजे तुम्ही तिकडून बघत होतात, मी बाकावरून. तुम्हाला जास्त चांगलं दिसलं असेल. माझ्यापुढं नेहमी कुणीतरी उभं असायचं."

मला वाईट वाटायला हवं होतं. तीस वर्षं जपलेला माणूस हा नव्हेच... पण वाटलं ते निराळंच. कुठं ती तालमीची माडी, कुठं तो स्पेनमधला बाक. दोन पोरं एकाच पायाकडे टक लावून बसलेली, एकमेकांना न दिसणारी.

मध्यंतरापर्यंत इरानं ठरवल्याप्रमाणे केलं. चेंडू आला की उडवला. एकदा तो रस्त्यापलीकडच्या मेंढ्यांत गेला आणि आईबापांनी टाळ्या वाजवल्या. "गुड गर्ल, इरा!" डेक्लन ओरडला. रामोननं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. आम्ही एक गोल केला. मी चालत होतो, वळत होतो, चालत होतो.

मध्यंतरानंतर त्यांनी बरोबरी केली. आणि मग, शेवटच्या मिनिटांत, चेंडू ओल्या गवतावरून घरंगळत इराकडे आला. मागे गोल. समोरून एक उंच, लाल केसांची मुलगी धावत आलेली. सगळी रेषा एका आवाजात ओरडली, आणि त्या आवाजात माझाही मिसळणार होता — घशापर्यंत आला होता तो शब्द, कोल्हापूरच्या धुळीसकट...

इरानं चेंडूवर पाय ठेवला. मान वर केली. लाल केस बाजूने निघून गेले. तिनं चेंडू उजवीकडे सरकवला, तिथली मुलगी तो घेऊन पुढं गेली, आणि पुढं कुठंतरी तो बाहेर गेला. बाकी काहीच झालं नाही. कुणी टाळी वाजवली नाही. फक्त रामोन दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता, उन्हात उभ्या माणसासारखा डोळे बारीक करून.

एक-एक. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे.

गाडीत इरा रडली. "आय वॉज गोइंग टु बूट इट, बाबा. आय स्वेअर. माय फूट जस्ट वेंट."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वस्तादांचा प्रश्न मला लख्ख ऐकू आला. पाय तुझा हाय का दुसऱ्या कुणाचा? बारा वर्षांच्या मला तो अपमान वाटला होता. वस्ताद आता नाहीत. असते तर फोन करून सांगितलं असतं — दुसऱ्याचाच होता, वस्ताद, आणि तो तिसऱ्याकडे गेलाय. इराला मी एवढंच म्हणालो, "जातो गं पाय कधीकधी." तिनं बाहीला नाक पुसलं.

रामोनचे आभार मानून झाले, त्याला फुलांचा गुच्छ दिला गेला. आता तो उत्तरेला स्लायगोकडे मुलांच्या एका संघाला शिकवतो, असं ऐकतो. नवा कोच चांगला माणूस आहे, चेंडू लांब मारायला सांगतो, आणि संघ पूर्वीपेक्षा जास्त जिंकतो. आकडे माझ्यासमोर आहेत, ते मी नाकारणार नाही. मॅचमध्ये इरा सांगितल्याप्रमाणे उडवते. म्हाताऱ्याचं नाव रामोननं जाता जाता मला सांगितलं होतं. मी ते अजून कुठं शोधलेलं नाही.

संध्याकाळी मात्र ती मागच्या अंगणात एकटीच असते. मी स्वयंपाकघरात कपाटातून, तिच्या भाषेत 'प्रेस'मधून, कप काढत असतो आणि खिडकीतून दिसतं — भिंतीवर आपटून परत आलेला चेंडू ती तळपायाखाली थांबवते, मान वर करते... आणि समोर द्यायला कुणीच नसतं. परवा चहा तसाच ठेवून मी चपला सरकवल्या आणि बाहेर गेलो.

"डोन्ट बूट इट, बाबा. ओके?"

"नाही उडवत."

गवत ओलं होतं, वारा नेहमीचाच. चेंडू घरंगळत माझ्याकडे येत होता, आणि कुणीही ओरडत नव्हतं.