एक कडी कमी, पंधरा फूट पुढे

मागच्या महिन्यात मी इथे मोठ्या तोऱ्यात शपथ घेतली होती. राई गावातल्या आमच्या मिठागरात पडलेली, रणगाड्यासारखी लोखंडी चेनवर चालणारी जुनी लष्करी गाडी दुरुस्त करताना तिचा एकही मूळ भाग काढणार नाही. तुम्हीही भरपूर टाळ्या वाजवल्यात.

दुसरं महायुद्ध संपल्यावर आजोबांनी ती चिखलातून मीठ ओढायला घेतली होती. आता त्या जागेवर सोमवारी भराव पडणार. क्रेन आत येत नाही. उद्यापर्यंत गाडी स्वतः चालत रस्त्यावर आली नाही, तर भराव टाकणारे ती जागेवरच कापणार आहेत.

आज सकाळी उजवी चेन चौथ्यांदा निसटली. उत्तनच्या मान्युएलकाकांचं आयुष्य बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलंय. ते वाकून बघत म्हणाले, "झिजून ताणलीय ही. एक कडी काढ."

"काका, ती मूळची आहे!"

"माझे दात पन मूळचेच व्हते. दुखले तवा काढले ना?"

इतिहासाचा जाणकार म्हणून मिरवणारा मी हातोडा उचलून चेनपाशी बसलो. कडी काढली. चेन घट्ट बसली. गाडी धूर ओकत पंधरा फूट चालली आणि मग डावी चेन निसटली.

आता तुम्हीच सांगा, माझी शपथ शाबूत हवी की गाडी?

माझं ठरलंय. उद्या डाव्या चेनचीही कडी निघणार. हरकत असलेल्यांनी सकाळी सातला राईला यावं. एक हातोडा जास्तीचा आहे.