काचेला लागलेली हनुवटी

चारकोलचं चित्र घरात ठेवणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं, फक्त हे मूल कधी मोठं होत नाही. हात लावू नका, वर हात टेकवून बसू नका, एकावर एक ठेवू नका. नांदेडच्या शाळेत चित्रकला शिकवताना हे मी इतक्यांदा सांगते की आता माझं मलाच ऐकू येत नाही, मुलांचं तर सोडाच. घरी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांचा धड एक फोटो नव्हता. आधार कार्डावर ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात, तो मोठा करायचा नाही, असं आईने बजावलं. म्हणून चेहरा डोळ्यांपुढे ताजा होता तोवर मी आठवणीतून पानभर काढला. फवारा मारून कोळसा पक्का केला. पण नुसत्या फवाऱ्यानं भागत नाही. काच कागदाला टेकली की कोळसा तिला लागतोच. म्हणून फ्रेमवाल्याच्या डोक्यावर बसून काच आणि कागदाच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून घेतली आणि चित्र उदगीरला आईकडे पोचवलं. आता बाबांना काही होत नाही, असं वाटून खरंच हलकं वाटलं होतं.

यंदा सुट्टीत गेले तर हनुवटीपाशी कागद फुगलेला. विचारल्यावर कळलं की पुठ्ठ्यामुळे बाबा लई आत जाऊन बसल्यासारखे दिसत होते, म्हणून आईने गल्लीतल्या फ्रेमवाल्याकडून तो काढून घेतला होता. शिवाय देवांच्या तसबिरींबरोबर बाबांनाही रोज ओल्या फडक्यानं पुसून गंध लावणं चालू होतं. पाणी कडेनं आत उतरलं होतं.

मी चिडले. एवढं समजावून ठेवलं होतं तरी पालथ्या घड्यावर पाणी, असं बोलून गेले. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागचे खिळे उपटून चित्र बाहेर काढलं. कागद काचेपासून सोडवला तर हनुवटीचा कोळसा काचेवरच राहिला.

हरकत नाही, पुन्हा काढू, म्हटलं. कागद वाळू दिला, कोळसा हातात घेतला आणि हात थांबला. बाबांची हनुवटी कशी होती? रुंद, की निमुळती? मध्ये खळी होती का? डोळे मिटले की समोर माझंच चित्र येत होतं, त्याच्या पलीकडचे बाबा येत नव्हते. ज्या हातानं काढलं तो हात इथंच होता, आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. मला भीती वाटली.

आईला हाक मारली. म्हटलं, राग सोड, फक्त एवढं सांग, बाबांची हनुवटी नेमकी कशी होती. ती पदराला हात पुसत आली आणि कागदापुढे वाकून बसली.

"मला बी आठवंना गेलंय, बाई," ती म्हणाली. "म्हणून तर यांना काचंजवळ घेतलं होतं."

मी कोळसा खाली ठेवला. तिच्या शेजारी सरकून बसले, आणि आम्ही दोघी उरलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.