टाचेखालची लक्ष्मी

"लक्ष्मीला पाय लावतेस, रांडे?"

असं म्हणून मालकीणबाईनं केरसुणी उचलली आन् माझ्या तोंडावर हाणली. कोरी केरसुणी, हळदीकुंकू लावलेली. लक्ष्मीपूजनाची सांज. कुंकू डोळ्यात गेलं, आग आग झाली. आन् ती केरसुणी मीच बांधलेली होती.

कसं घडलं ते सांगते.

आमी मांगवाड्यातली. शिंदीची पानं तोडायची, वाळवायची, केरसुण्या बांधायच्या, हा आमचा धंदा. लगीन होऊन माझी दुसरी दिवाळी होती. सासूला मी आत्याबाई म्हणायची. तिनंच मला समदं शिकवलं. पानांचा जुडगा टाचेखाली दाबायचा, दोन्ही हातांनी दोरी वढायची, गाठ मारायची. टाच ढिली पडली की केरसुणी ढिली. आत्याबाई म्हणायची, "पोरी, हिच्यानं देवाचं घर झाडत्यात. आपल्याला देवळात पाय ठेवता येत न्हाय, पण आपली केरसुणी जाती की आत. गाठ सुटली, काडी गळली, तर पाप आपलं. हीच आपली पूजा." मला ते लई पटायचं. दर गाठीला मी देवाचं नाव घ्यायची. भोळी होते मी, दुसरं काय!

भवानी पेठेतल्या मालकांच्या शेतात ओढा होता, ओढ्याला शिंदी होती. ती तोडू देत, म्हणून त्यांच्या घरच्या आन् ते पंच असलेल्या देवळाच्या केरसुण्या आमी फुकट द्यायच्या. रीत अशी, की पायरीवर ठेवायच्या आन् लांब व्हायचं. गडी येऊन पाणी शिंपडायचा, मगच आत न्यायचा. आमच्या हातचा विटाळ तेवढ्या पाण्यानं जायचा म्हणं.

त्या सांजेला आमी दोघी पायरीखाली उभ्या, फराळाचं काय पदरात पडंल म्हणून. पूजा ओसरीवरच मांडलेली. समया, झेंडू, आन् चौरंगावर माझी केरसुणी. बायका वाकून तिच्या पाया पडत होत्या! माझी छाती भरून आली. तेवढ्यात दिसलं, गाठ सैल झालीय. रांगोळीवर काड्या गळत होत्या. देवाचं काम आन् गाठ सुटली! जिवाची उलघाल झाली. मी पायऱ्या चढले, केरसुणी उचलली, खाली ठेवली, सवयीनं टाच दिली आन् दोरी वढली.

तेवढंच.

तडाखा बसला तसं माझ्या तोंडातनं निघालं, "बाई, ही बांधलीच टाचेखाली हाय. तुमच्या घरातली हरेक."

मालक उठले. माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय. आत्याबाईला म्हणाले, "उद्यापासून ओढ्यावर तुमचा कोयता दिसला, तर हात तोडीन."

आत्याबाईनं काय केलं? पायरीवर नाक घासलं. "लेकराचं चुकलं, मायबाप. पदरात घ्या." कातडं सोललं तरी घासत होती. केरसुणीच्या मारापरीस ते मला जास्त लागलं. अजून लागतं. मग मालकांना दया आली म्हणं. गड्यानं परत पाणी शिंपडलं आन् तीच केरसुणी परत चौरंगावर! टाकून तरी काय करणार? बाजारातनं दुसरी आणली, तरी ती आमच्यातल्याच कुणाच्या तरी टाचेखालची.

वाटनं आत्याबाई म्हणाली, "सोस पोरी. देव बघतोय."

"बघत होता की," मी म्हटलं. "समोरच बसला होता. काय केलं त्यानं?"

ती पुढं चालाय लागली. मीबी मागनं. जाणार कुटं? ओढा त्यांचा, पोट आमचं. नवरा मिलमध्ये कचरा काढायचा; तितंबी आमच्या माणसाला मागाला हात लावायची बंदी. माहेरी जावं, तर तितं दुसऱ्या कुणाचा ओढा आन् दुसरी पायरी. कैक वर्षं मान खाली घालून बांधत राहिले. पण पायरीवर ठेवायला परत गेले न्हाय. आत्याबाई एकटी जायची, भारा डोक्यावर घेऊन. "लई शानी झालीस," म्हणून शिव्या द्यायची. पण तिनं मला कधी वढून न्हेलं न्हाय.

आत्याबाई गेली त्या साली दिवाळीच्या तोंडावर मालकांचा गडी मांगवाड्यात आला. लांबनंच वरडला, "केरसुण्या पोचल्या न्हाईत अजून. ओढा नको झालाय व्हय?"

नवरा माझ्या तोंडाकडं बघाय लागला. चुलीपाशी पोरं. पण कोयता बाजूला ठेवला आन् उभी राहिले.

"तुमचा ओढा तुमाला लखलाभ. देवाची सेवा मी सोडली न्हाय. ती माझ्या गाठीत हाय, तुमच्या पायरीवर न्हाय. मालकीणबाईला सांग, केरसुणी पायजे तर बाजारात यायचं. माझ्या हातातनं हातात घ्यायची. पाणी शिंपडायचं न्हाय. जमत नसंल, तर तुमची लक्ष्मी तुमीच बांधा. टाच न लावता बांधून दाखवा."

ओढा त्याच दिशी गेला. आता पानं लांबनं आणावी लागत्यात. पाय सुजत्यात. सुजू देत. मी मेले तरी माझी केरसुणी कुणाच्या पायरीवर ठेवायची न्हाय.