राखाडी हिमनदीचे गुण

गेनोवेफा द्रोझ्द बाईंनी आमच्या सुवाल्कीच्या शाळेत तेहतीस वर्षं हिमनदी शिकवली आणि तेहतीस वर्षं ती निळ्या खडूनं फळ्यावर काढली. प्रत्यक्षात पाहिली मात्र कधीच नव्हती. सुवाल्की म्हणजे पोलंडमधलं सगळ्यात गारठ्याचं गाव, पण आमच्या गारठ्यात नाकं तेवढी लाल होतात, निळं काही होत नाही. निवृत्तीला वर्ष उरलं असताना बाईंना कळलं, की उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरच्या संशोधन मोहिमेत विज्ञानाच्या शिक्षकासाठी एक जागा आहे. बाईंनी अर्ज ठोकून दिला. एकदा हिमनदीवर हात ठेवायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

जहाजातून उतरल्या तर समोर मोहीमप्रमुख उभा. चाळिशीचा, छातीपर्यंत दाढी. बाईंना बघताच त्यानं हातातली सिगरेट पाठीमागे लपवली.

"नमस्कार, बाई."

तो लेशेक व्रोना होता. सातवीत त्यानं हिमनदी राखाडी रंगवली होती आणि बाईंनी त्याला एक गुण दिला होता. आमच्याकडे सहा म्हणजे उत्तम, दोन म्हणजे कसाबसा पास आणि एक म्हणजे साफ नापास.

"तेव्हा रंगपेटी आणली नव्हतीस ना रे?" बाईंनी विचारलं.

"आणली होती, बाई."

तळाबाहेर पाऊल टाकायचं तर तिथे अस्वलाची परीक्षा द्यावी लागे. अस्वल पन्नास मीटरवर आलं तर क्रमानं काय कराल, हा एकच प्रश्न. बाईंनी चार पानं लिहिली. अस्वलाचं कुळ, दातांची रचना, आकृतीसुद्धा, नावं देऊन. लेशेकनं लाल पेनानं एक दिला.

"बाई, तिसऱ्या पानावर त्यानं खाल्लं असतं तुम्हाला."

फेरपरीक्षा गुरुवारी ठरली. शुक्रवारी सगळे हिमनदीवर जाणार होते आणि सोमवारी बाईंचं परतीचं जहाज होतं. म्हणजे गुरुवारी नापास, तर हिमनदी पुन्हा फळ्यावरच.

मोहिमेतल्या सहाही शास्त्रज्ञांचा जीव कळवळला. ती सगळी आमचीच माणसं, त्यामुळे त्यांनी जे सुचायचं तेच केलं. तिथे उन्हाळ्यात रात्रंदिवस उजेड असतोच, बसून कॉपीच्या चिठ्ठ्या लिहिल्या. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर ओतिलियानं तर चिठ्ठी पावात, खारवलेल्या काकडीखाली घालून दिली.

"घ्या हो गुपचूप. चिठ्ठीशिवाय कोण पास झालंय आजवर?"

"मी झालेय. आण इकडे! तुमच्यापण आणा सगळ्यांच्या. लाजा नाही वाटत, डॉक्टर म्हणवता!"

सहाही चिठ्ठ्या जप्त होऊन बाईंच्या खिशात गेल्या.

गुरुवारी जेवणघरात पेपर सुरू झाला. लेशेकनं प्रश्नपत्रिका दिली आणि पाठ फिरवून तो खिडकीबाहेर बघत राहिला. कॉपी करू द्यायची असली, की आमच्याकडचे मास्तर असेच खिडकीबाहेर बघतात. बाईंचं डोकं फिरलं.

"व्रोना, वर्गाकडे बघ."

"नको, बाई."

"वळ म्हणते ना!"

"वळलो असतो, बाई. पण अस्वल आलंय."

काचेला नाक लावून ते आत बघत होतं. क्षणात सहा डॉक्टर एका टेबलावर चढले. लेशेक तर थिजलाच. क्रम कुणालाच आठवेना. बाईंनी खिशातून काकडीच्या वासाची चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं.

"एक. धावायचं नाही. ओतिलिया, उतर खाली! दोन. सगळ्यांनी एकत्र ओरडायचं. ओरडा! तीन. दार किलकिलं करून इशाऱ्याच्या पिस्तुलाचा बार अस्वलाच्या अलीकडे टाकायचा."

बार त्यांनीच टाकला. अस्वल वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखं मान खाली घालून निघून गेलं.

"बाई, पास!" लेशेक ओरडला.

"चिठ्ठी बघून? नापास कर मला."

"अहो, जीव वाचवलात!"

"एक दे म्हणते ना!"

अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी लेशेकनं दोन दिले. बाईंना हिमनदी हवी होती, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तोंड मिटून घेतलं.

शुक्रवारी त्यांनी हातमोजा काढून हिमनदीवर तळवा टेकला. बर्फावर धूळ, खडी, चिखल. नजर जाईल तिथवर फरशी पुसलेल्या पाण्याचा रंग.

"लेशेक, ही राखाडी आहे."

"हो, बाई."

"तुला कसं ठाऊक होतं?"

"बाबा मासेमारीच्या बोटीवर होते. त्यांनी बघितली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

बाईंना इतकी लाज वाटली, की थंडी वाजायची थांबली. त्यांनी वही काढली, लाल पेन काढलं. शाई गोठली होती. पेन काखेत धरून त्या पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग लिहिलं: हिमनदी. लेशेक व्रोना, सातवी. सहा. पान फाडून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

मोहीमप्रमुखानं ते दोनदा वाचलं आणि परत पुढे केलं.

"सही करा ना, बाई. आईला दाखवायचंय."