सुनेचं मरण सांगणारी बाई

माझी आई सरकारी नर्स होती. आम्ही राहायचो रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात आणि तिचं आरोग्य केंद्र होतं सिलतऱ्याच्या कारखान्यांपलीकडे. रायपूर नुकतंच छत्तीसगढची राजधानी झालं होतं. शहरात रोज कुठे ना कुठे नवा बोर्ड लागायचा; तिकडच्या गावांत मात्र बाळंतपणं अजून घरातल्या अंधाऱ्या खोलीतच व्हायची. मी कॉलेजात होते. आईची बस चुकली की स्कूटीवर तिला सोडायला जायची.

त्या हिवाळ्यात एका गावातली पहिलटकरीण गेली. बाळ पोटातच राहिलं. आईने तिला आधी तपासलं होतं. पायांवर सूज होती, रक्तदाब वाढलेला होता. "मोठ्या दवाखान्यात दाखवा," असं आईने तिच्या सासूला बजावलंही होतं. कोणी नेलं नाही.

बातमी आली तेव्हापासून आई धड जेवत नव्हती. रविवारी सकाळी म्हणाली, "मले त्या घरी घेऊन चाल."

"क्यों मम्मी? उन लोगों ने तो आपकी सुनी ही नहीं," मी म्हटलं. मी तेव्हा आईला हिंदीतच उत्तरं द्यायची.

"भांडायले नाही जाऊन राहिली मी. काय झालं ते ऐकायले जाऊन राहिली."

अंगणात कारखान्याची काळी धूळ बसली होती. सासू म्हातारी नव्हती. माझ्या आईच्याच वयाची असेल. आईला पाहताच तिचा चेहरा घट्ट झाला. जिल्ह्याचे एक साहेब आधीच येऊन गेले होते. त्यांनी उभ्या उभ्या विचारलं होतं, दवाखान्यात का नाही आणलं? घरच्यांनी सांगितलं होतं, देवाची मर्जी. आता आईलाही तेच सांगायच्या तयारीत ती उभी होती.

आई ओसरीवर खाली बसली. तिने विचारलं, "त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं तिनं?"

सासूही खाली बसली. ती छत्तीसगढीत बोलत होती. मला आठवतं तसं सांगते.

"बासी दिली होती. पाण्यातला शिळा भात, कांद्याबरोबर. आवडायची तिला. पण दोन घास खाऊन ठेवून दिली. म्हणाली, डोकं फुटतंय. मी तेल चोळलं. दुपारी म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मला वाटलं, नजर लागली. मग हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली, झटके यायला लागले. माणसं बैगाला घेऊन आली." बैगा म्हणजे गावचा मांत्रिक. "त्याचं होईपर्यंत दिवस कलला. मग गाडी मिळाली, पण रस्त्यावर ट्रकच ट्रक. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिचा श्वास थांबला."

मग तिने आईला विचारलं, "दीदी, डोकं दुखून कोणी मरतं का?"

आईने तिला समजावून सांगितलं. काही बायकांना पोटुशी असताना रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, डोकं ठणकतं, आणि वेळेवर औषध मिळालं नाही तर झटके येतात. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही आधी नाही सांगितलं."

"नाही सांगितलं," आई म्हणाली. "जा म्हटलं. काहून जायचं, ते नाही सांगितलं."

निघताना आईने विचारलं, पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या बायकांना हे सांगाल का? तिचा मुलगा, ज्याची बायको गेली तो, भिंतीला टेकून उभा होता. तो एकदम पुढे आला. "मेरी माँ को पूरे गाँव के सामने गुनहगार बनाओगे क्या?"

आईने हात जोडले आणि आम्ही निघालो.

मोहाची फुलं, महुआ, वेचायच्या दिवसांत ती सासू आपणहून आली. लसीकरणाचा दिवस होता, झाडाखाली बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. तिने उभं राहून सगळं सांगितलं. तेल चोळलेलं, बैगाला बोलावलेलं, सगळं. मागून कोणीतरी म्हटलं, "म्हणजे सासूनंच मारली." ती थांबली. तिने ते ऐकलं होतं. मग जिथे थांबली होती तिथूनच पुढे सांगायला लागली. आई म्हणायची, माझ्या बोलण्याला अशी शांतता कधी पडली नाही.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत त्याच पाऱ्यातली एक गरोदर बाई डोकं धरून शेतातून परत आली. घरचे बाम चोळत होते. सासू धावत गेली आणि विचारलं, "डोळ्यांपुढे चमकतंय का?" त्या बाईने मान डोलावली. मग ही रस्त्यावर मधोमध जाऊन उभी राहिली. कारखान्याची एक पिकअप अडवली, बाईला तीत बसवलं आणि रायपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, दुपारीच ऑपरेशन केलं. बाळंतीण आणि तिची मुलगी, दोघी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही डबा घेऊन गेलो. सासू वॉर्डात नव्हती, बाहेर पायऱ्यांवर बसली होती. आई म्हणाली, "तुम्ही वाचवलं तिला."

तिने वर पाहिलं नाही. "दीदी, म्हणजे माझीही वाचली असती?"

मला वाटलं, आई आता काहीतरी म्हणेल. नशीब, लिहिलेलं असतं. किती जणींची समजूत घालताना मी तिला ऐकलं होतं.

"हव, वाचली असती," आई म्हणाली.

ती बाई पदर तोंडाला लावून रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहत होते. आई तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिली. मी डबा हातात धरून उभी होते. बऱ्याच वेळाने ती उठली, नळावर तोंड धुतलं आणि आत गेली. ओली बाळंतीण जागी झाली होती. तिला कुशीवर वळवायला कोणीतरी हवं होतं.