धरायला शिकले, सोडायलाही

त्र्यंबकच्या डोंगरावर, जिथे गोदावरी, आमची गंगामाई, उगम पावते, त्या गंगाद्वारच्या पायऱ्या अर्ध्यावर सोडून मी मागे फिरले, तेव्हा मनात एकच आलं, गंगामाईला मी नको आहे. धाकटीच्या बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येत होतं. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. भरलेली पाटी डोक्यावर घेतली की खाली काही तरी ओघळतंय असं वाटायचं, आणि खोकला आला की लुगडं ओलं व्हायचं. सासूबाई म्हणायच्या, "बाईच्या जातीला हे हायेच. बोभाटा करू नको." डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, पण माझा धीर होत नव्हता. सुरी न लागता बरी कर, असं साकडं घालायला मी त्र्यंबकला गेले होते, आणि माईने मला दारापर्यंतही येऊ दिलं नव्हतं. सोबतच्या बायकांना "तुम्ही व्हा पुढं" म्हणून मी एकटीच खाली उतरले.

परतीच्या एसटीत जागा रिकामी असूनही मी उभीच होते, कारण बसलं की रुतायचं. शेजारच्या बाकावरची एक बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मग ती उठली, माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "ताई, अंग बाहेर येतं का?"

नवऱ्यालाही मी जे धड सांगू शकले नव्हते, ते या परक्या बाईने डोकं दुखतंय का असं विचारावं तितक्या सहज विचारलं. मला रडूच फुटलं.

"रडू नका. मी नाशिकला दवाखान्यात व्यायाम शिकवते. तुमच्यासारख्या कितीतरी बायका येतात माझ्याकडे."

"गंगामाईनंच धाडलं तुम्हाला," मी म्हणाले.

त्या हसल्या. "आम्ही बौद्ध, ताई. मी त्र्यंबकला भावाकडे आले होते. पण तुम्ही या मात्र नक्की."

मी गेले. बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की इतकं उतरलेलं अंग नुसत्या व्यायामाने जागेवर जायचं नाही, ऑपरेशन करावंच लागेल. पण तयारीने गेलात तर लवकर सावराल. मग त्यांनी शिकवायला सुरुवात केली. लघवी रोखून धरल्यासारखं आतून आवळायचं, वर ओढायचं, श्वास मात्र कोंडायचा नाही, आणि मग सावकाश सोडायचं. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं. उठताना कुशीवर वळून उठायचं. शौचाला जोर करायचा नाही. शेवंती खुडताना, देवापुढे दिवा लावून बसले असताना, कुणाला कळणारही नाही असा माझा अभ्यास चालायचा. माझ्याच देहाची माझी नव्याने ओळख होत होती. ऑपरेशनला गेले तेव्हा भीती उरली नव्हती असं नाही, पण तिचा जोर ओसरला होता.

ऑपरेशन नीट झालं. अडलं ते पुढे. लघवीची नळी काढली आणि लघवी होईना. पोट तट्ट फुगलं. सिस्टर म्हणाल्या, "आता नाही झाली तर परत नळी घालावी लागेल." मी मनातल्या मनात माईची आळवणी करत होते आणि अंग आणखीच ताठत होतं. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी मला आधार देऊन न्हाणीत नेलं, बसवलं आणि म्हणाल्या, "धरायला तुम्ही छान शिकलात. आता सोडायचंय. खांदे सैल सोडा, दात आवळू नका. श्वास जाऊ दे बाहेर." आणि नळ सोडून त्या दाराबाहेर थांबल्या.

पाण्याचा आवाज ऐकत मी बसले. नाशिकच्या नळाला पाणी गंगेचंच! ज्या माईपर्यंत मी चढू शकले नव्हते, ती माझ्या हाताच्या अंतरावर वाहत होती. त्या क्षणी माझं मागणं थांबलं. बरी कर, नळी नको, काही काही नाही. म्हटलं, माई, तुझं तू बघ. आणि मग सगळं मोकळं झालं. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. बाहेरून बाईंनी विचारलं, "झाली ना?" अशा प्रश्नाला कुणी हात जोडून उत्तर दिलं नसेल, मी दिलं.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. बाई म्हणतात, पुष्कळ जणींचं असं अडतं आणि सुटतं. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं, आणि माझी माईवरची श्रद्धाही तेवढीच खरी आहे. दोन्ही माझ्या मनात सुखाने नांदतात.

घरी पाठवताना बाईंनी जड उचलायला सक्त मनाई केली होती. थोडं थोडं चालायचं, टाके भरत आले की पुन्हा हलक्याने आवळण्याचा व्यायाम सुरू करायचा. सासूबाईंनी कुरकुर न करता हंडे-कळश्या स्वतः भरल्या. एके दिवशी दुपारी आम्ही दोघीच ओट्यावर हार ओवत होतो. त्यांची सुई थांबली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या बाईंकडं मला नेशील का? माझं तर तुझ्या नवऱ्याच्या वेळेपासून हाय."

इतकी वर्षं, आणि एका शब्दाने बोलल्या नव्हत्या! मी त्यांचा हात हातात घेतला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. बाई त्यांना आत घेऊन गेल्या आणि मी बाहेर बाकावर बसले. थोड्या वेळाने आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं, पोरीसारखं. मी डोळे मिटले आणि गंगामाईला, आणि बाईंच्या बुद्धालाही, मनोभावे नमस्कार केला.